टाके काढले, हकिकत राहिली

प्रति,
माननीय अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, जळगाव



मी भडगावची, निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीचशी वर्षं ड्रेसिंगच्या टेबलाशेजारी उभं राहून गेली. ऑपरेशन जळगावला होवो, धुळ्याला होवो की नाशिक-मुंबईला, पट्टी बदलायला आणि टाके काढायला माणूस शेवटी आपल्या गावाजवळच येतो. त्यामुळे पोट उघडणाऱ्या सर्जनना जे ऐकायला मिळत नाही, ते आम्हा सिस्टरांच्या कानावर पडतं. चिकटपट्टी सोडवायला घेतली की पेशंट बोलू लागतो. जखमेकडे बघवत नाही म्हणून तोंड भिंतीकडे करतो आणि बोलत राहतो. तो तेव्हा जे सांगतो ते त्याच्या फाईलमध्ये कुठंही लिहिलेलं नसतं.

त्या बोलण्याला आपल्या रुग्णालयात आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात जागा मिळावी, यासाठी हे पत्र. उघडपणे लिहिते आहे, कारण पाचोरा, एरंडोल, पारोळा, चाळीसगाव इकडच्या ज्या घरांत ऑपरेशन होऊन माणूस परत आला आहे, त्यांनीही ते वाचावं असं वाटतं. मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते, त्याचं कारण सरळ आहे. २०१८ साली जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलला जोडून महाविद्यालय सुरू झालं आणि गिरणाकाठच्या आमच्या गावांना जिल्ह्यातच शिकणारे डॉक्टर मिळाले. शिकणाऱ्याला अजून प्रश्न विचारायची सवय असते, ती मोडण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं.

पिशवीच्या, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचंच घेते, कारण ते मी सगळ्यात जास्त पाहिलं. दोन बायकांबद्दल सांगते. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. एक तांड्यावरची, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. तिची हकिकत अशी: पोटात दुखत होतं, मालक दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, मग काढली. दुसरी कपाशीच्या शेतकऱ्याच्या घरातली. ती म्हणायची: दोन वर्षं अंगावरून जात होतं, गोळ्या खाल्ल्या, सोनोग्राफीत गाठ दिसली, मी आधी नाही म्हटलं, मग जावेशी बोलले, आणि वेचणी आटोपल्यावर मीच म्हटलं की आता काढून टाका. पोटावरची रेघ दोघींची सारखीच, टाकेही दोघींचे चांगले भरले. सहा-सात महिन्यांनी पहिली परत आली ती झोप लागत नाही म्हणून. कंबर धरते, जीव घाबरतो, "मी आता कशाचीच राहिले नाही" म्हणाली. दुसरीचीही कंबर दुखत होतीच. पण ते दुखणं ती इतर दुखण्यांसारखं सांगायची आणि पुढच्या विषयाकडे वळायची.

या दोन हकिकतींतला फरक मला बरीच वर्षं नुसता जाणवत होता. पुढे कळलं की तो फरक लोकांनी अभ्यासलाही आहे. जोनाथन अ‍ॅडलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोपचार घेणाऱ्या ४७ जणांनी उपचाराच्या काळात वेळोवेळी स्वतःबद्दल लिहिलेल्या जवळपास ६०० हकिकती त्यांनी वाचल्या. हकिकत किती सुसंगत, किती व्यवस्थित लिहिली आहे याचा मन सुधारण्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दुसऱ्याच गोष्टीशी: सांगणारा माणूस आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं किती सांगतो. आणि आधी हकिकत बदलली, मन त्यामागून सुधारत गेलं. ते लोक ऑपरेशनचे पेशंट नव्हते हे मला ठाऊक आहे. तरी तो क्रम वाचल्यावर मला त्या दोघी आठवल्या.

इथं एक घाई होऊ शकते, ती आधीच थांबवते. पहिल्या बाईने आपली गोष्ट "नीट" सांगायला शिकावं, मग तिला बरं वाटेल, असा अर्थ कोणी काढू नये. तिची हकिकत खरी होती. तिला खरोखरच कोणी विचारलं नव्हतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कोणीतरी दारात जाऊन विचारलं म्हणून ते समोर आलं. हकिकत ऐकण्याचा हाही उपयोग आहे: पेशंटच्या मनाला उतार पडतो तो पडतोच, शिवाय आपण कुठं त्याला न विचारता पुढे गेलो हेही रुग्णालयाला कळतं. तांड्यावरच्या त्या बाईला ऑपरेशनआधी कोणी दहा मिनिटं देऊन बसवलं असतं, तर तिच्या हकिकतीत तीही असती.

ऑपरेशनआधीच्या त्या दहा मिनिटांचाही पुरावा आहे, आणि तो साठ वर्षांहून जुना आहे. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एग्बर्ट आणि त्यांच्या सहकारी भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट घेतले. काहींना आदल्या रात्री जाऊन सांगितलं की जागे झालात की कुठं दुखेल, कसं दुखेल, किती काळ दुखेल, कुशीवर कसं वळायचं, श्वास कसा घ्यायचा. ऑपरेशननंतरही त्यांना भेटत राहिले. बाकीच्यांना हे काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं होतं त्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मं लागलं, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. घरी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या सर्जनना कोणाला सांगितलंय हे माहीत नव्हतं. यात नवं औषध एकही नव्हतं. पुढे काय घडणार आहे ते माणसाला आधी समजलं, म्हणून घडलं तेव्हा त्याला त्याची भीती कमी वाटली.

आपल्याकडे ते न सांगितल्यामुळे काय होतं, याची एक हकिकत मला नेहमी छळते. म्हातारा माणूस, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन बाहेरगावी झालं. तिसऱ्या रात्री तो उठून बसला, मेलेल्या भावाशी बोलू लागला, सुनेला ओळखेना, सलाईन ओढून काढली. मोठ्या ऑपरेशननंतर वय झालेल्या माणसाला असा भ्रम होतो, विशेषतः खुब्याच्या ऑपरेशननंतर, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो. पण घरच्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गावी आणल्याबरोबर भगताला बोलावलं. म्हातारा आठ दिवसांत शुद्धीवर आला, पाय जोडला गेला, काठी घेऊन चालू लागला. मात्र तो ओट्यावर बसेना, देवळात जाईना. त्याला त्या रात्रीचं तुकड्या-तुकड्यांनी आठवत होतं, आणि आपण वेडे झालो होतो, सुनेसमोर काहीबाही बोललो, या लाजेने तो आतल्या खोलीत पडून राही. ड्रेसिंगला आला तेव्हा मी विचारलं, "बाबा, काय व्हयनं त्या राती?" बराच वेळ गेला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला सांगितलं की हे पुष्कळांना होतं, याला कारण आहे, यात लाज नाही, बाहेरचंही काही नाही. पुढच्या खेपेला त्याने सुनेला सोबत आणलं आणि मला म्हणाला, हिलाही सांगा.

खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. त्या माणसाला कोंडलं ते त्या एका रात्रीने, कारण तिचा अर्थ त्याला लागत नव्हता.

मन खचणं ही जखमेपलीकडची, दुय्यम गोष्ट आहे असं आपल्या विद्यार्थ्यांना वाटू नये म्हणून हृदयाचं उदाहरण देते. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. बायपास झालेल्या ३०९ जणांची घरी जाताना तपासणी केली तेव्हा दर पाचातल्या एकाला गंभीर नैराश्य होतं. पुढच्या वर्षभरात नैराश्य असलेल्यांपैकी २७ टक्के जणांना हृदयाचा पुन्हा त्रास झाला, नसलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. आमच्या तालुक्यातून बायपासला गेलेला माणूस परत आल्यावर "आता मी खराब झालो, मशीन उघडलं की गेलं" असं म्हणायला लागतो, तेव्हा ते बोलणं रक्तदाबासारखं नोंदवून ठेवायला हवं.

अशा हकिकतींचे प्रकार आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाने १९९५ च्या आपल्या पुस्तकात मांडले. त्यांना स्वतःला ३९ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, पुढच्याच वर्षी कर्करोग निघाला. एक हकिकत आजारी पडलो, उपचार झाले, पूर्वीसारखा झालो अशी. दुसरी विस्कटलेली, जिला पुढे-मागे काही नाही, एकातून एक संकट निघत राहतं. तिसरी वाट शोधणारी, म्हणजे जे झालं त्यातून मी आता कोण आहे हे पाहणारी. डॉक्टरांना पहिली आवडते. सगळ्यांनाच आवडते. विस्कटलेली हकिकत ऐकणं सगळ्यात अवघड, आणि ती सांगणाऱ्याला "असा विचार करू नका, हिंमत ठेवा" म्हणून गप्प करणं सगळ्यात सोपं. आमच्याकडे पेशंटला पाहायला येणारी मंडळी तेच करतात. निम्मे हिंमत ठेवायला सांगतात, आणि उरलेले असंच ऑपरेशन झालेला कोण कसा गेला ते सांगून चहा पिऊन जातात. या गर्दीत पेशंटचं स्वतःचं सांगणं राहून जातं.

मराठीत ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपलं सांगून ठेवलं. डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. ते पुस्तक आमच्या भागातही हृदयाच्या पेशंटच्या उशाशी असतं. पद्मजा फाटक यांनी आपल्या किडनीच्या आजाराचं आणि प्रत्यारोपणाचं 'हसरी किडनी' लिहिलं. या दोघांनाही लिहिता येत होतं, आणि वाचणारेही होते. भडगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या पित्ताशयाची हकिकत कोण लिहिणार?

लिहिण्याचा जखमेवर परिणाम होतो, हे न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासाने दाखवलं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६४ ते ९७ वयाच्या ४९ धडधाकट म्हाताऱ्यांपैकी काहींना तीन दिवस आपल्या सगळ्यात दुःखद अनुभवाविषयी, मनात येईल ते लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी रोजच्या साध्या कामांविषयी लिहिलं. मग सगळ्यांच्या दंडावर एक छोटीशी जखम केली. अकराव्या दिवशी मनातलं लिहिलेल्यांपैकी ७६ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली होती, दुसऱ्या गटात ४२ टक्क्यांची. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठं काही ठरवू नये. पण मनातलं बाहेर येण्याचं नातं कातडीपर्यंत पोहोचू शकतं, एवढं मानायला जागा आहे.

आमच्या म्हाताऱ्या लिहू शकत नाहीत, सांगू शकतात. आणि लिहिता न येणाऱ्या बाईचं सांगणं किती मोलाचं असतं हे जळगावला मी काय सांगावं? असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलं ते घरातल्या मुलांनी कागदावर उतरवलं, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तक निघालं, आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ऐकून लिहून घेणारा भेटला, एवढाच काय तो फरक. आपल्या वॉर्डांत असे लिहून घेणारे शेकड्याने आहेत. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे.

त्यांना ऐकायला शिकवण्याची सोय अभ्यासक्रमातच झाली आहे. २०१९ पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवाद हा भाग सक्तीचा आहे. सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत परप्रांतातून आलेल्या मुलांसाठी स्थानिक भाषाही आहे. गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे वारंवार जाण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सुरू केला. या तिन्हींना खानदेशात एकत्र आणावं, अशी माझी विनंती आहे. स्थानिक भाषा म्हणजे नुसती पुस्तकी मराठी नको. भडगाव-पारोळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, तांड्यांवर गोरमाटी, सातपुड्याकडे पावरी. दुखण्याचं माणूस आपल्या बोलीतच सांगतो. प्रमाण मराठीत बोलायला लागला की "बरं आहे साहेब" म्हणून संपवतो. अहिराणीत "सांग व माय, कसं वाटस आते?" असं विचारलं की बाई खुर्चीत नीट टेकून बसते.

दत्तक घेतलेल्या कुटुंबात कोणाचं ऑपरेशन झालं असेल तर विद्यार्थ्याने त्याच्याकडे तीनदा जावं: घरी आल्यावर आठवड्याभरात, मग दीड-दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. रक्तदाब, जखम बघावी, आणि मग एकच प्रश्न विचारून गप्प बसावं: तुम्हाला काय झालं होतं, ते पहिल्यापासून सांगा. मध्ये थांबवू नये, दुरुस्त करू नये. परवानगी घेऊन, नाव न घालता, पेशंटच्याच शब्दांत लिहून घ्यावं. तीन खेपांना तीन हकिकती मिळतील. त्यात तो माणूस हळूहळू कर्ता होत चालला आहे की पहिल्याच जागी अडकून पडला आहे, हे कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा लवकर दिसेल असं मला अनुभवाने वाटतं. अडकलेल्याला आपल्या मानसोपचार विभागाकडे पाठवता येईल. दूरच्या गावाला निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात देता येईल.

यात एक पथ्य मात्र पाळावं लागेल. कोणाकडूनही बळेच वदवून घेऊ नये. भयंकर प्रसंगानंतर लगेच, एकाच बैठकीत माणसाला सगळं बोलायला लावण्याची एक पद्धत मध्यंतरी फार चालली. २००२ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने दाखवलं की तिचा फायदा दिसत नाही, काहींना अपाय झाल्याची चिन्हं मात्र दिसतात. म्हणून दार उघडं ठेवायचं, आत यायचं की नाही हे पेशंटने ठरवायचं. काही माणसं बोलत नाहीत, तरी बरी होतात. त्यांच्या मागे लागू नये.

आणखी एक मागणं आहे, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटबद्दल. तंबाखू-गुटख्याने आमच्या गावांतून चाळिशी-पन्नाशीतले पुरुष जबडा काढून येतात. त्यांना हकिकत सांगायला जीभही पुरती उरलेली नसते. रुमाल तोंडावर धरून बसतात, लग्नाला जात नाहीत, घरातल्यांसमोर जेवत नाहीत. अशा माणसाला मी कितीही समजावलं तरी तो माझ्या धड चेहऱ्याकडे बघतो आणि मान हलवतो. त्याच्याकडे तेच ऑपरेशन होऊन गेलेला माणूसच जायला हवा. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर या बाईचं १९५२ मध्ये स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. आता पुढे कसं जगायचं हे सांगणारं तिला कोणी भेटलं नाही, म्हणून ती स्वतःच इतर बायकांना रुग्णालयात जाऊन भेटू लागली. पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचं काम आपलंसं केलं. जळगावला तोंडाच्या ऑपरेशनचे जुने पेशंट फॉलोअपला येतातच. त्यांच्यातला एखादा तयार असेल तर त्याला नव्या पेशंटच्या खाटेपाशी बसवा, एसटीचं भाडं द्या, चहा द्या. समोरचा माणूस पाच वर्षं जगला आहे, पातळ खिचडी का होईना पण चारचौघांत खातो आहे, हे पाहण्यातच नव्या पेशंटला आपल्या पुढच्या हकिकतीची सुरुवात सापडते.

वेळ कुठून आणायचा, हे आपण विचाराल. ओपीडीची रांग मी पाहिली आहे, डॉक्टरांकडून ही अपेक्षा नाही. म्हणूनच विद्यार्थी, इंटर्न आणि जुने पेशंट म्हणते आहे. जनआरोग्य योजनेत कित्येक वर्षं ९७१ शस्त्रक्रिया-उपचार आणि त्यापुढच्या १२१ पाठपुरावा सेवांची यादी होती. गोळ्या, तपासण्या, पुन्हा दाखवायला येणं, सगळं त्यात. ती योजना नसती तर आमच्याकडच्या कित्येकांचं ऑपरेशनच झालं नसतं. पाठपुराव्याच्या त्या यादीत पेशंटचं ऐकणं कुठं बसतं हे जळगावात करून दाखवता आलं, तर पुढे राज्याकडे मागायला आपल्या हातात काहीतरी असेल.

सुरुवात लहान ठेवावी. एकाच प्रकारचं ऑपरेशन घ्यावं, माझं मत पिशवीचं, कारण त्या बायकांना विचारणारं घरातही कोणी नसतं. एकच तालुका घ्यावा. तो भडगाव असेल तर आम्ही तीन-चार निवृत्त सिस्टर गाठ घालून द्यायला तयार आहोत. कोणत्या गावात कोणाकडे जायचं ते आशाताईंना आणि आम्हाला माहीत आहे. आपल्या मुलांना अहिराणी समजली नाही तर शेजारी बसून सांगू. वेचणीच्या दिवसांत बायका घरी सापडत नाहीत, म्हणून पहिली खेप पावसाळ्यात, पेरणी आटोपल्यावर ठेवावी, आणि वार ठरवताना बाजाराचा दिवस टाळावा.

आपल्या होकाराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
भडगाव, जि. जळगाव